बुटाचा सोल निखळला म्हणजे बूट संपला असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाचा जोर ओसरला की नेत्रावळी, सत्तरी, चोर्ला घाट, सोंसोगड या वाटांवर पुन्हा वर्दळ सुरू होते. जूनपासून कपाटात पडून असलेले ट्रेकिंगचे बूट बाहेर निघतात आणि पहिल्याच चढणीला त्यांच्या सोलचे तोंड उघडते. मग तो जोड कचऱ्यात जातो आणि घरात नवा येतो. यातले बरेच बूट दुरुस्त होण्यासारखे असतात. ते टाकले जातात याची कारणे दोन. नेमके काय बिघडले आहे हे मालकाला ओळखता येत नाही, आणि दुरुस्ती करून घेतली तरी ती भर पावसाळ्यात, ओल्या बुटावर, घाईघाईने होते. गोव्याच्या दमट हवेत बुटांचे काय होते आणि त्यांची दुरुस्ती कशी करून घ्यावी, याची माहिती आपल्या वाचकांना व्हावी म्हणून हे पत्र.

आधी बुटाची रचना. पायाला लागणारा कातड्याचा किंवा कापडाचा वरचा भाग म्हणजे अपर. जमिनीला लागणारा खाचांचा रबरी थर म्हणजे सोल. या दोहोंमध्ये फेसासारखा मऊ थर असतो, तो मिडसोल. आपल्याकडे बूट जायबंदी होतो तो बहुतेक वेळा या मधल्या थरामुळे किंवा त्याला धरून ठेवणाऱ्या गोंदामुळे.

मिडसोल मुख्यतः दोन पदार्थांचे असतात, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन आणि ईव्हीए म्हणजे चपलांतही वापरतात तो हलका फेस. ईव्हीए वर्षानुवर्षे दबून चपटा होतो, पण त्याचा भुगा होत नाही. पीयूचे तसे नाही. तो दणकट आणि पायाला आरामदायक असला, तरी त्यातले बरेच प्रकार हवेतल्या बाष्पाने आतून तुटत जातात. या क्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात आणि उष्णतेने तिचा वेग वाढतो. गोव्यात वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ते चार महिने घरातले कपाटही दमट असते. त्यात बूट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कौलांखालच्या माळ्यावर टाकले, तर बाष्प आणि उष्णता दोन्हींची सोय आपणच करून दिली. म्हणूनच जपून ठेवलेला, जेमतेम वापरलेला महागडा बूट सहा-सात वर्षांनी हातात भुगा होऊन येतो आणि शेजाऱ्याचा रोजच्या वापरातला बूट टिकतो, कारण तो हवेवर राहतो.

तेव्हा मोच्याकडे जाण्यापूर्वी एक तपासणी घरीच करावी. सोलच्या वरच्या कडेला मिडसोल दिसतो. तिथे अंगठ्याचे नख जोरात दाबावे. थर लवचीक असेल, दबून पुन्हा जागेवर येत असेल, तर तो जिवंत आहे. नख रुतून बारीक कण सुटत असतील, आडव्या बारीक भेगा दिसत असतील किंवा थर बोटाला चिकट लागत असेल, तर तो गेला. अशा मिडसोलवर जगातला कोणताही गोंद लावून उपयोग नाही. गोंद धरतो, पण ज्याला धरतो तोच थर सुटून येतो. मोच्याने चिकटवलेला सोल आठवड्यात निघाला अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बुटात पुष्कळदा हेच झालेले असते आणि दोष विनाकारण कारागिराच्या माथी बसतो.

सोल अर्धवट निघालाच असेल तर उघडलेल्या फटीत नीट पाहावे, सगळे कारण तिथे लिहिलेले असते. रबराच्या बाजूला फेसाचे तुकडे चिकटून आलेले असतील, तर मिडसोल फाटला आहे. एका बाजूवर गोंदाचा गुळगुळीत, चकचकीत पापुद्रा आणि समोरची बाजू कोरी असेल, तर त्या कोऱ्या बाजूला गोंदाने कधी पकडच घेतली नव्हती. ती बाजू खरवडलेली नव्हती, किंवा तिच्यावर धूळ, तेल, ओल होती. दोन्ही बाजूंना गोंद आहे पण तो कडक होऊन मधूनच तुटला आहे, तर गोंदाचे वय झाले. शेवटच्या दोन प्रकारांत बूट पुन्हा चिकटवला की पुढची काही वर्षे निर्धास्त चालतो.

आता चिकटवण्याबद्दल. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बुटाला फेवीक्विकसारखा झटपट गोंद लावू नये. तो काचेसारखा कडक होतो आणि बूट पावलागणिक वाकतो, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच तो तडकतो. वर त्याचा कडक थर खरवडून काढायला मोच्याच्या नाकी नऊ येतात. सायकलच्या पंक्चरचे पातळ सोल्यूशनही बुटाचे वजन आणि ऊन सोसत नाही. लागतो तो निओप्रीन (एक कृत्रिम रबर) जातीचा दाट, पिवळसर कॉन्टॅक्ट गोंद, म्हणजे दोन्ही बाजूंना लावून, थोडा वाळवून मग जोडायचा. फेविकॉल एसआर 998 हा त्याच घराण्यातला. रबर, कातडे आणि कापड यांना तो चालतो. सोल चकचकीत प्लास्टिकसारखा, म्हणजे पीव्हीसी किंवा टीपीयूचा असेल, तर निओप्रीन काही महिन्यांत लिबलिबीत होऊन सुटतो. त्याला पीयू गोंदच हवा. ईव्हीएवर गोंदाआधी प्रायमरचा हात द्यावा लागतो. कारागिराकडे कोणता गोंद आहे हे विचारण्यात काही गैर नाही. एका जोडाला दोन हात द्यायला साधारण 50 मिलीलीटर गोंद पुरतो, तेव्हा योग्य गोंदाचा छोटा डबा आपणच विकत घेऊन मोच्याला द्यावा, हे उत्तम.

रीत अशी. लेस आणि आतला इनसोल काढून बूट साध्या पाण्याने धुवावा आणि सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस वाळू द्यावा. सोल जिथपर्यंत हाताने सहज सुटतो तिथपर्यंत सोडवावा. फक्त टोकाशी गोंद ओतून दाबणे म्हणजे आत राहिलेली माती कायमची बंद करणे. रापीने, म्हणजे मोच्याच्या धारदार पात्याने, जुना गोंद खरवडून 60 नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करावेत. रबराची चमक पूर्ण जाऊन ते मळकट काळे दिसले पाहिजे. कुंचल्याने धूळ झाडावी, ॲसिटोनने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे आणि ते उडून जाऊ द्यावे. बाजारातल्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पुष्कळदा तेल असते, तो वापरू नये.

मग दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ हात द्यावा. हा पहिला हात कातडे आणि कापड पिऊन टाकतात. पंधरा मिनिटांनी दुसरा हात. त्यानंतर बोटाला तार येत नाही, पण चिकटपणा जाणवतो, इतका वाळू द्यावा. ओल्या गोंदावर सोल दाबला तर आतला द्रावक अडकून राहतो आणि दिवसभरात बुडबुड्यांसह सोल उचलला जातो. पूर्ण वाळल्यावर दाबला तर पकड मिळत नाही. जोडण्याआधी दोन्ही बाजूंवर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मिनिटभर फिरवावी आणि चवड्याकडून सुरुवात करून टाचेकडे सोल बसवत जावे. हा गोंद लागताक्षणी धरतो, मग सरकवायला वाव नसतो, म्हणून आधी खडूने खुणा करून ठेवाव्यात. बुटाच्या आत लाकडी फरमा घालून, नसेल तर चिंध्या घट्ट कोंबून, हातोडीने कडेकडेने ठोकावे. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ती बुटाभोवती ताणून गुंडाळावी आणि 24 तास तशीच ठेवावी. दोन दिवस बूट घालू नये, तीन दिवस भिजवू नये. हे सगळे काम उघड्या खिडकीजवळ करावे. या गोंदाची वाफ डोक्यात चढते आणि पेटही घेते. जवळ उदबत्तीही नको.

पावसाळ्यात हीच रीत का फसते हेही सांगायला हवे. गोंदातला द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो आणि पृष्ठभाग थंड पडतो. जुलैच्या हवेत बाष्प इतके असते की त्या थंड गोंदावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो. वरवर गोंद वाळलेला वाटतो, प्रत्यक्षात आपण पाण्याच्या थराला पाणी चिकटवत असतो. म्हणून बुटांची दुरुस्ती नोव्हेंबर ते मार्चमध्ये करून घेणे सगळ्यात चांगले. पावसाळ्यात करावीच लागली तर कोरड्या खोलीत, वाफ बाहेर जाण्यापुरती खिडकी उघडी ठेवून, विजेच्या दिव्याच्या किंवा गरम हवेच्या उबेत, आणि जोडण्याआधी दोन्ही बाजू पुन्हा एकदा गरम करून. पदपथावर छत्रीखाली बसलेल्या कारागिराकडून ऑगस्टमध्ये ती पकड मागणे अन्यायाचे आहे.

चिकटवल्यावर शिलाई घालावी का? कातडी बुटाला, जाड रबरी सोल असेल तर, जरूर घालावी. आरीने (मोच्याच्या टोच्याने) टाका घेण्याआधी सोलच्या तळाशी, कडेपासून आत, रापीने दोन-तीन मिलीमीटर खोल खाच पाडून दोरा तिच्यात बसवून घ्यावा. दोरा उघडा राहिला की जांभ्याच्या सड्यावर तो दोन दिवसांत झिजतो आणि सगळी शिलाई उसवते. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा, मेण लावलेला हवा. सुती दोरा ओलीत कुजतो. टाके 6 ते 8 मिलीमीटर अंतरावर घ्यावेत. त्याहून दाट घेतले तर टपालाच्या तिकिटाच्या भोकांसारखी रांग तयार होते आणि रबर त्याच रेघेवर फाटते. मात्र बुटाच्या आत जलरोधक पडदा असेल, गोरटेक्ससारखा, तर शिलाईचे प्रत्येक भोक पाणी आत घेते. अशा बुटाला फक्त गोंद, आणि पुढच्या टोकाशी पडद्याच्या खाली, निव्वळ रबरातून जाणारे दोन-चार टाके.

मिडसोलचा भुगा झालेला असला आणि अपर धडधाकट असले, तर बूट अजूनही वाचतो, पण काम मोठे असते. सगळा जुना थर काढून टाकायचा, टाचेला 15 आणि चवड्याला 8-10 मिलीमीटर जाडीचा ईव्हीए उतरता कापून बसवायचा आणि त्याखाली खाचांचा रबरी सोल. ईव्हीएची शीट चपलांच्या सामानाच्या दुकानात मिळते. घेताना बोटाने दाबून पाहावी, सहज खड्डा पडत असेल तर ती घरच्या स्लिपरची, पाठीवर ओझे घेऊन चालण्याच्या कामाची नाही. रबराच्या खाचा 4-5 मिलीमीटर खोल हव्यात. चपलांना लावतात ती साधी मायक्रो शीट हलकी आणि स्वस्त असते, पण शेवाळलेल्या दगडावर तिची पकड नाही आणि धारदार जांभ्यावर ती सालपटे निघाल्यासारखी झिजते. टायरचा सोल झिजत नाही हे खरे, पण तो जड आणि कडक असतो. लावायचाच तर नायलॉनच्या टायरचा, कारण रेडियल टायरमधल्या पोलादी तारा पुढे पायात घुसतात.

सोलच्या खाचा दोन मिलीमीटरवर आल्या की सोल बदलायला द्यावा. रबर संपून मिडसोल जमिनीला लागेपर्यंत वाट पाहिली तर एका थराच्या जागी दोन थरांचा खर्च येतो.

अपरमध्ये पहिली उसवते ती बोटांच्या मुडपीजवळची शिलाई. ती जुन्याच भोकांतून, दोन सुयांनी, दोन्ही बाजूंनी टाका घेत हाताने शिवून घ्यावी. मशीनवर नवी भोके पाडली की तिथले कातडे चाळणी होते. फाटलेल्या जागी ठिगळ आतून लावावे आणि त्याची कड रापीने कागदासारखी पातळ करून घ्यावी, नाहीतर तिथेच फोड येतो. टाचेच्या आतले अस्तर झिजून भोक पडले असेल तर मऊ, पातळ कातड्याचा तुकडा चिकटवून वरून शिवावा. हे छोटेसे काम आहे, पण याच भोकापायी कितीतरी चांगले बूट टाकले जातात. लेसचा हुक तुटला तर त्याच जागी नायलॉनच्या पट्टीची कडी शिवून घ्यावी. ती धातूच्या हुकाहून टिकाऊ ठरते, विशेषतः किनाऱ्याने चालणाऱ्यांना, कारण खाऱ्या पाण्याने लोखंडी हुक गंजतात. समुद्राचे पाणी लागलेला बूट त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा.

कातडी बुटाला खोबरेल तेल चोळायची सवय आपल्याकडे फार आहे. थोड्याने बिघडत नाही, पण तेल पिऊन कातडे सैल होते, आणि मुख्य म्हणजे तेल पोचलेल्या जागी गोंद धरत नाही. त्याऐवजी मेणाचे मलम बोटाने पातळ लावावे, सोलच्या जोडापासून बोटभर जागा सोडून. बुरशी आली तर बूट उन्हात ब्रशने झाडून, पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून पुसावा. घरचा माडाचा व्हिनेगर रंगीत असतो, फिक्या कातड्यावर त्याचा डाग राहतो. ओला बूट चुलीजवळ किंवा गॅसवर वाळवू नये आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. तिथल्या उष्णतेला हा गोंद मऊ पडतो आणि सोल आपोआप सुटू लागतो. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ते दर काही तासांनी बदलावेत.

सगळेच बूट दुरुस्त करावेत असा आमचा आग्रह नाही. मुडपीवर कातडे आरपार चिरले असेल, आतला कडक तळवा मोडून बूट मधोमध फडक्यासारखा दुमडत असेल, किंवा घोट्याचा आधार ढिला पडला असेल, तर तो जोड रस्त्यावर वापरावा, डोंगरात नेऊ नये. दुरुस्तीचा खर्च नव्या बुटाच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर पुन्हा विचार करावा. कॅनव्हासचे स्वस्त हंटर बूट कारखान्यात रबर तापवून जोडलेले असतात. त्यांचा सोल एकदा सुटला की पूर्वीसारखा बसत नाही.

डोंगरात सोल निघालाच तर चिकटपट्टी एकटी पुरत नाही, ओल्या दगडावर ती तासाभरात फाटते. सोबत दोन मीटर नायलॉनची दोरी आणि प्लास्टिकचे चार-सहा केबल टाय ठेवावेत. दोरी टाचेच्या पुढच्या खोलगट भागातून वर घेऊन घोट्याला बांधावी, म्हणजे ती जमिनीला घासत नाही. चवड्याखालून मात्र रबराच्या खाचेतूनच न्यावी.

आता कारागिरांविषयी. म्हापसा, पणजी, फोंडा, मडगावच्या बाजारांच्या आसपास बसणाऱ्या मोच्यांच्या हातात कसब आहे. आपण त्यांना वेळ देत नाही. चिखलाचा बूट समोर टाकून, उभ्या उभ्या दहा मिनिटांत करून मागतो आणि वर पैशांवरून घासाघीस करतो. दहा मिनिटांत गोंदाचा एक हातही नीट वाळत नाही. बूट धुऊन, वाळवून न्यावा, दोन दिवसांची मुदत द्यावी, आणि चपलेचा टाका आणि ट्रेकिंगच्या बुटाचा सोल यांची मजुरी एक नसते हे मान्य करावे.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत मोचीकाम आहे. त्यात अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, आणि विनातारण पहिल्या टप्प्यात 1 लाख व दुसऱ्या टप्प्यात 2 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज 5 टक्के व्याजाने मिळते. घासायचे छोटे यंत्र, सोल दाबायचा प्रेस, गोंद गरम करायची सोय या तीन गोष्टी हाताशी आल्या तर ट्रेकिंग बुटांचे काम गोव्यातच होईल. पंचायती आणि पालिकांनी आपल्या भागातल्या कारागिरांच्या नोंदणीसाठी स्वतःहून पुढे यावे. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करायला समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढची क्षेत्रे शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही होती. पादत्राणे त्यात नव्हती. हजारो रुपयांचा बूट विकणाऱ्याने त्याच मापाचा सुटा सोल विकावा आणि मिडसोल पीयूचा आहे की ईव्हीएचा हे खोक्यावर छापावे, एवढी मागणी ग्राहक म्हणून आपण करू शकतो. गोंद, रबर, फेस आणि कापड एकजीव झालेला बूट कचऱ्यात गेला की त्यातले काहीच वेगळे काढता येत नाही, साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पातही नाही.

गोव्यात डोंगरभटकंतीचे गट आता गावोगावी आहेत. त्यांना एक विनंती. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, हवा कोरडी होऊ लागली की, प्रत्येक तालुक्यात एक रविवार बुटांच्या दुरुस्तीसाठी ठेवावा. दोन-तीन कारागिरांना पूर्ण दिवसाची मजुरी देऊन बोलवावे. योग्य गोंद, नायलॉनचा दोरा, ईव्हीए आणि रबराच्या शीट गटाने एकत्र खरेदी कराव्यात. सकाळी तपासणी आणि खरवडणे, दुपारी गोंद आणि जोडणी, आणि बूट परत दुसऱ्या दिवशी. येणाऱ्यांनी बूट तीन दिवस आधी धुऊन वाळवावेत, लेस आणि इनसोल काढून आणावेत आणि दोन्ही बुटांवर नावाची चिठ्ठी लावावी.

आपले नम्र,
डोंगरवाटांवर चालणारे काही वाचक,
फोंडा, गोवा